खटका मोडलेला आणि खटका धरलेला

बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचं नाव आहे. नर्गिस ३ मे १९८१ रोजी गेल्या, स्वादुपिंडाच्या कर्करोगानं. न्यूयॉर्कला जाऊन त्या काळी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं होतं. बार्शीचं नाव मात्र जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत गेलं ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या कामामुळे. खेड्यातल्या बायका त्याला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात. नाव एका आजाराशी जोडलेलं आणि काम दुसऱ्या आजारावर, हा योगायोग आहे. पण हे दोन आजार शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट फार लख्ख दिसते. दोन्हींच्या मुळाशी पेशीची वाढ चालू-बंद करणारा प्रथिनाचा एकेक खटका आहे. स्वादुपिंडात तो मोडतो आणि चालू स्थितीतच अडकून बसतो. गर्भाशयमुखात खटका शाबूत असतो, पण त्यावर परक्याचा हात पडलेला असतो. एका आजारापुढे वैद्यकशास्त्र चाळीस वर्षं जवळजवळ हतबल राहिलं आणि दुसऱ्यानं होणारे मृत्यू खेडोपाडी, एका छोट्या ब्रशनं घेतलेल्या नमुन्यावरून, निम्म्यावर आणता आले, याचं मोठं कारण माझ्या मते या फरकात आहे. आणि तो फरक समजून घेतला तर कोणती तपासणी करावी या प्रश्नाचं उत्तरही त्यातच सापडतं.

खटका म्हणजे काय, हे विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरवरून सहज कळेल. हिरवं बटण दाबलं की मोटर सुरू, लाल दाबलं की बंद. बटण स्वतः पाणी उपसत नाही. उपसणाऱ्याला हुकूम देतं. पेशीतही वाढीचं प्रत्यक्ष काम करणारी शेकडो प्रथिनं असतात आणि त्यांना हुकूम देणारी थोडी. ‘रास’ हे त्यांतलं एक. त्याला जीटीपी नावाचा रेणू चिकटला की ते चालू होतं आणि ‘वाढा’ हा निरोप पुढे जातो. त्या रेणूतला एक फॉस्फेट तुटला की उरतो जीडीपी, आणि रास बंद होतं. फॉस्फेट तोडण्याचं काम रास एकटं फार सावकाश करतं. एक मदतनीस प्रथिन येऊन ते झटपट उरकतं. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगातल्या पेशी तपासताना लक्षात आलं की त्यांच्या रासच्या जनुकात अवघं एक अक्षर बदललं आहे. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलिन बसलं होतं. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. त्याच्या जागी त्याहून मोठं जवळजवळ काहीही आलं की मदतनिसाला आपलं काम करायला जागा उरत नाही, फॉस्फेट तुटत नाही, आणि लाल बटण कितीही दाबलं तरी मोटर थांबत नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्क्यांत रासच्याच कुळातलं ‘के-रास’ असं बिघडलेलं असतं. बिघाड कळला, तरी त्यावर औषध सापडेना, कारण या प्रथिनाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर औषधाचा रेणू अडकवायला खाच दिसत नव्हती. पहिलं औषध, सोटोरासिब, अमेरिकेत मंजूर झालं २०२१ मध्ये, म्हणजे शोधानंतर ३९ वर्षांनी. आणि तेही बाराव्या जागी सिस्टीन आलेलं असेल तरच चालणारं. हा बदल फुप्फुसाच्या कर्करोगात बऱ्यापैकी आढळतो, स्वादुपिंडाच्या क्वचितच.

दुसरा खटका उलट स्वभावाचा आहे. त्याचं नाव आरबी, आणि त्याचं काम थोपवून धरण्याचं. पेशीला दोन व्हायचं असेल तर आधी स्वतःच्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि त्या कामाची जनुकं जागी करणारं ‘ई-टू-एफ’ नावाचं प्रथिन आरबीनं मुठीत आवळून ठेवलेलं असतं. वाढीची खरी गरज निर्माण झाली, जखम भरायची असली, जुन्या पेशींच्या जागी नव्या हव्या असल्या, की ठरावीक विकरं आरबीवर फॉस्फेट चिकटवतात. मूठ सैल होते, ई-टू-एफ सुटतं, नक्कल सुरू होते. काम झालं की फॉस्फेट काढले जातात आणि मूठ पुन्हा मिटते. या प्रथिनाचा सुगावा लागला तो लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या एका दुर्मिळ गाठीवरून, रेटिनोब्लास्टोमावरून. आरबी हे नावही तिथूनच आलं. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये रुग्णांच्या वयांचे आकडे मांडून तर्क केला की ही गाठ व्हायला दोन बिघाड व्हावे लागतात; ते एकाच जनुकाच्या दोन प्रतींतले असतात, हे पुढे उलगडलं. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९८६ मध्ये. म्हणजे डोळ्याच्या त्या गाठीत खटका मोडलेलाच असतो. मग गर्भाशयमुखात वेगळं काय घडतं?

इथे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, येतो. त्याच्या सोळाव्या प्रकाराचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी १९८३ मध्ये दाखवला आणि त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू फार गरीब आहे. त्याचा सगळा जनुकसंच जेमतेम ८,००० अक्षरांचा. स्वतःच्या डीएनएची नक्कल करायचं यंत्र त्याच्याकडे नाही, ते पेशीकडूनच वापरून घ्यावं लागतं. आणि तो वाढतो ते अस्तराच्या वरच्या थरांत, जिथल्या पेशींनी विभागणं थांबवलेलं असतं, म्हणजे यंत्र बंद करून ठेवलेलं असतं. विषाणूला ते सुरू करायला हवं. त्यासाठी त्याच्याकडे ई-७ नावाचं एक चिमुकलं प्रथिन आहे, सोळाव्या प्रकारात अवघ्या ९८ अमिनो आम्लांचं. आरबी ९२८ अमिनो आम्लांचं. १९८९ मध्ये दिसून आलं की हे चिमुकलं प्रथिन थेट आरबीला जाऊन चिकटतं, त्याची मूठ उघडतं आणि त्याला नष्ट होण्याच्या वाटेला लावतं. वाढीचा निरोप आलेला नसतानाही ई-टू-एफ मोकळं होतं. आरबी असं गेलं की एरवी पेशीतलं पी-५३ हे पहारेकरी प्रथिन गडबड ओळखतं आणि पेशीला थांबवतं किंवा मारतं. पुढच्याच वर्षी कळलं की विषाणूचं दुसरं प्रथिन, ई-६, पेशीचंच एक विकर हाताशी धरून पी-५३ चाही निकाल लावतं. विषाणूला कर्करोग घडवायचा नसतो. त्यात त्याचा काहीच फायदा नाही. पण पेशी वर्षानुवर्षं लगामाशिवाय राहिली की नकलेत चुका साचत जातात आणि त्यांतून कधीतरी कर्करोग उभा राहतो.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही बाब: गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांत आरबीचं आणि पी-५३ चं जनुक शाबूत असतं. पेशी ही प्रथिनं बनवत राहते, विषाणू ती संपवत राहतो. याचा पुरावा हेला पेशींनी दिला. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या या पेशी तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांत एचपीव्हीचा अठरावा प्रकार आहे. २००० साली संशोधकांनी या पेशींतली ई-६ आणि ई-७ बनवणारी जनुकं दाबून टाकली. जवळजवळ पन्नास वर्षं न थांबलेल्या त्या पेशींत आरबी आणि पी-५३ काही दिवसांत परत आली, आणि पेशी विभागायच्या थांबून म्हाताऱ्या झाल्या. हात काढताच खटका खाली पडला. स्वादुपिंडातल्या मोडलेल्या रासबद्दल असं म्हणता येत नाही. तिथे काढून टाकायला कुणी परका नाही; बिघाड पेशीच्या स्वतःच्या जनुकात आहे, आणि त्याची वेळेवर चाहूल लागावी अशी सोपी खूण शरीराबाहेर कुठेच मिळत नाही. परका असला की त्याचं वेगळेपण ओळखता येतं. त्याचा डीएनए आपला नसतो, म्हणून तो शोधता येतो. त्यातून कर्करोग व्हायला वर्षं लागतात, म्हणून शोधायला वेळही मिळतो.

आता तपासण्यांकडे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाहूल घ्यायचे तीन रूढ मार्ग आहेत. पहिल्यात गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबून उघड्या डोळ्यांनी पाहतात. भराभर वाढणाऱ्या पेशी दाटीवाटीच्या, मोठ्या केंद्रकांच्या असतात. आम्लानं त्यांतली प्रथिनं तात्पुरती गोठतात आणि तो भाग पांढुरका दिसतो. पण सूज असली किंवा नवं अस्तर भरून येत असलं तरी पांढरं दिसतंच. दुसरा मार्ग पॅप स्मिअरचा: पेशी खरवडून काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाणकारानं वाचायच्या. तिसऱ्यात छोट्या ब्रशनं नमुना घेऊन नळीत ठेवतात आणि प्रयोगशाळेत ९६ खळग्यांच्या ताटलीत धोकादायक अशा १३ प्रकारांपैकी कुठल्याही एचपीव्हीचा डीएनए आहे का ते पाहतात. असेल तर त्या खळग्यातून मंद उजेड निघतो आणि यंत्र तो मोजतं. पहिल्या दोन चाचण्या खटका सुटल्यानंतर पेशींवर झालेला परिणाम पाहतात. तिसरी विचारते, खटक्याजवळ परका आला आहे का? युक्तिवादानं तिसरी सरस ठरते, पण नुसत्या युक्तिवादावर कुणी आरोग्यधोरण ठरवू नये. पुरावा हवा, आणि तो बार्शीनं दिला.

त्याची पायाभरणी आधीच झाली होती. १९८७ मध्ये बार्शीला भारतातली ग्रामीण भागातली पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत. शहरात रुग्णालयांच्या नोंदी गोळा केल्या की नोंदणी होते. खेड्यात ‘अंगावरून पांढरं जातंय’, ‘मध्येच रक्त जातंय’ असं सांगायला बाई दवाखान्यात येतच नाही, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणं समजावत आणि संशयित रुग्ण शोधत. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांनी वाढवलेल्या या कामाचं मोल मला कुठल्याही यंत्रापेक्षा अधिक वाटतं, कारण कोण आजारी पडलं आणि कोण दगावलं हे मोजताच आलं नाही तर कोणती तपासणी जीव वाचवते हे कधीच सिद्ध करता येत नाही. या अनुभवाच्या बळावर १९९९ मध्ये बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटलेले: एका गटाला एचपीव्ही चाचणी, एकाला पॅप, एकाला आम्लाची तपासणी, आणि चौथ्याला फक्त तेव्हा जिल्ह्यात मिळत होती तीच आरोग्यसेवा. चाचणी आयुष्यात एकदाच. मग आठ वर्षं पाठपुरावा.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात १२७ जणींना कर्करोग आढळला, तुलनेच्या गटात ११८ जणींना. आकडे जवळपास सारखेच. पण दुसऱ्या टप्प्याचा किंवा त्यापुढचा आजार पहिल्या गटात ३९ जणींना होता, तुलनेच्या गटात ८२ जणींना. मृत्यू पहिल्या गटात ३४, तुलनेच्या गटात ६४. गटांचा आकार जमेस धरता मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा. पॅप आणि आम्लाच्या गटांत मात्र मृत्यूंत ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. इथे एक कोडं आहे. तपासणीच्या वेळी कर्करोगपूर्व गंभीर बदल तिन्ही चाचण्यांनी साधारण सारख्याच प्रमाणात पकडले होते, हजारात ७ ते १० जणींत. पकडलं सारखंच, तर पुढे एवढा फरक कसा? उत्तर चाचणीत निर्दोष ठरलेल्या बायकांत आहे. पॅपमध्ये निर्दोष ठरलेल्यांत पुढच्या वर्षांत कर्करोगाचं वार्षिक प्रमाण लाखात १५.५ निघालं, आम्लाच्या चाचणीत निर्दोष ठरलेल्यांत १६, आणि एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्यांत अवघं ३.७. खटक्याच्या गोष्टीतून हे सरळ उलगडतं. आज पेशी नेहमीसारख्या दिसल्या म्हणून उद्या दिसतीलच असं नाही. ई-७ आपलं काम नुकतंच सुरू करत असेल. पण विषाणूच नसेल तर आरबीवर हात ठेवणारंच कुणी नाही, आणि नवा संसर्ग झाला तरी त्यातून कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. ‘नाही’ या उत्तराचं वजन इतकं आहे.

यावर पहिला आक्षेप मीच घेतो. चाचणी विषाणूचा डीएनए शोधते, ई-७ ची पकड मोजत नाही. बहुतेकींत विषाणू शरीराच्या प्रतिकारशक्तीनं दोनेक वर्षांत निघून जातो. राहिला तरी त्याचंच ई-२ हे प्रथिन ई-६ आणि ई-७ ला बराच काळ मर्यादेत ठेवतं, आणि त्याचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात शिरला, त्यात ई-२ चं जनुक मोडलं, की बहुधा पकड घट्ट होते. अभ्यासात दर शंभरांत दहा जणी ‘आहे’ या गटात निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग होणार नव्हता. त्यांना उगाच घोर का लावायचा? म्हणूनच ही चाचणी सहसा विशीत करत नाहीत, तिशीनंतर करतात, जेव्हा उरलेला संसर्ग रेंगाळणारा असण्याची शक्यता वाढते. शिवाय ‘आहे’ म्हणजे कर्करोग नव्हे. दुर्बिणीतून पुन्हा नीट पाहायचं, आणि खरोखर बदल असतील तेवढा भाग अतिथंड वायूनं गोठवून किंवा विजेच्या तारेनं काढून टाकायचा, एवढाच त्याचा अर्थ. आम्लाच्या चाचणीत तर शंभरांत चौदा जणी अशा निघाल्या होत्या. नवरा-बायकोत संशय येईल ही भीतीही खरी आहे, कारण संसर्ग लैंगिक संबंधातून होतो. पण विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. आज सापडला म्हणून तो कधी आणि कुणाकडून आला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तपासणी करणाऱ्या नर्सबाईंनी हे वाक्य निकालाच्या कागदाआधी सांगायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे. तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यात नर्सनी एकदाच केलेल्या आम्लाच्या तपासणीनं मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीनं ३१ टक्क्यांनी. उत्तर युरोपात पॅपनं काही दशकांत हा आजार मागे रेटला. मग त्या चाचण्या निरुपयोगी कशा? त्या निरुपयोगी नाहीत, आणि उस्मानाबादच्या अभ्यासावरून तसं म्हणणं चूक होईल. परिणाम पाहणारी चाचणी वारंवार करावी लागते, पाहणारा डोळा मुरलेला असावा लागतो आणि त्या डोळ्याची सतत पारख करावी लागते. हे जिथे जमतं तिथे तिनं जीव वाचतात. पण भूम-परांड्याकडची ऊसतोडीला जाणारी बाई दर दोन वर्षांनी ठरल्या महिन्यात गावात सापडेल, हे गृहीत धरून योजना आखता येत नाही. तिच्या आयुष्यात तपासणीची संधी एकदा किंवा दोनदा येणार असेल तर त्या संधीला सर्वांत वजनदार ‘नाही’ देणारीच चाचणी वापरली पाहिजे. शिवाय पाळी गेल्यावर जिथे बदल होतात तो भाग आत सरकतो, आम्लाची तपासणी तिथे तोकडी पडते. आणि एचपीव्हीसाठीचा नमुना बाई स्वतः, आडोशाला, घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये याच चाचणीला पहिली पसंती दिली. आपल्या सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात आम्लाची तपासणी आहे, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या अवघ्या १.९ टक्के. एचपीव्ही चाचणीच्या खर्चाचा मुद्दा खरा आहे. पण ज्या देशात वर्षाला सुमारे ८०,००० बायका या आजारानं जातात तिथे चाचणी स्वस्त करणं हेच काम आहे.

तिसऱ्या आक्षेपाला मला पूर्ण उत्तर देता येत नाही. उस्मानाबादच्या तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ बायकांची तपासणी झाली नाही. त्यांतल्या ६४ जणी गेल्या. पॅप अन्यत्र अनेक दशकं रूढ असताना हे योग्य होतं का, असा सवाल देशात आणि परदेशात विचारला गेला. त्या काळी जिल्ह्यात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे कुणाचंही काही हिरावलं गेलं नाही, हे संशोधकांच्या बाजूचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून आहे. तरीही त्या गटातल्या बायकांमुळे आपल्याला जे कळलं ते त्यांच्याच लेकी-सुनांपर्यंत पोहोचायला इतकी वर्षं लागावीत, ही टोचणी त्या उत्तरानं जात नाही.

एचपीव्हीविरुद्धच्या लसीचं तत्त्वही परक्याच्या या हातावरच बेतलेलं आहे. तिच्यात विषाणूचं फक्त कवच असतं, आत डीएनए नाही, ई-६ नाही, ई-७ नाही; शरीर त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार ठेवतं, आणि परका उंबऱ्यावरच अडतो. सप्टेंबर २००९ मध्ये भारतात दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारी चाचणी सुरू झाली. बार्शी तिच्या केंद्रांपैकी एक. दुसऱ्या एका लसप्रकल्पातल्या मृत्यूंवरून, ज्यांचा लसीशी संबंध नव्हता, वाद उसळला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं हेही लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, पाठपुरावा चालू ठेवला, आणि दहा वर्षांनी दिसलं की सोळाव्या-अठराव्या प्रकाराचा रेंगाळणारा संसर्ग रोखण्यात एक मात्रा ९५ टक्क्यांच्या आसपास परिणामकारक आहे, तीन मात्रांइतकीच. जगानं एका मात्रेचा पर्याय स्वीकारला त्यामागे हा पुरावा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लसही आता आहे. २००९ च्या त्या लसचाचणीतल्या मुली तेव्हा १० ते १८ वर्षांच्या होत्या. सर्वांत धाकटी २०२९-३० च्या सुमारास तिशीची होईल, म्हणजे तपासणीच्या वयाची. सोळावा आणि अठरावा मिळून या कर्करोगांचा ७० टक्क्यांहून मोठा वाटा उचलतात. पण एचपीव्ही चाचणी ज्या १३ प्रकारांना शोधते त्यांतले उरलेले ११ त्या मुलींना दिलेल्या लसीच्या निशाण्यावर नव्हते, आणि ई-७ त्यांच्याकडेही आहे. लस घेतलेल्या त्या मुलीच्या नमुन्याची नळीही प्रयोगशाळेत जायला हवी.